गंजगोलाई ते संकेतस्थळ



लहान दुकानाचे संकेतस्थळ कसे आखावे, हा विषय वसंत व्याख्यानमालेत कशाला घेतला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. हा विषय यंत्रज्ञांचा, फार तर वाणिज्य महाविद्यालयाचा. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात तोंड घालण्याचे कारण काय? कारण इतकेच की, विषय नवा दिसत असला तरी त्यातला प्रश्न फार जुना आहे. माल आपल्याजवळ आहे, गिऱ्हाईक दूर आहे आणि दोघांच्या मध्ये वाट आहे. ही वाट कशी बांधावी, आत आलेल्या माणसाला कोठे न्यावे, दाराशी काय व कोणत्या भाषेत लिहावे, आणि ज्या जागेवर हे सारे उभारायचे ती जागा कोणाची असावी, हे चार प्रश्न बाजाराइतकेच जुने आहेत. आपल्या लातूरने आणि नांदेडने ते पूर्वी सोडविलेले आहेत. कधी उत्तम रीतीने, कधी ठेच खाऊन. संकेतस्थळ बांधू पाहणाऱ्या दुकानदाराने प्रथम परदेशी पुस्तक उघडण्याऐवजी एकदा आपल्या पेठेतून फिरून यावे, असे मला वाटते.

लातूरची गंजगोलाई आपण रोज पाहतो, आणि रोज पाहतो म्हणूनच ती नीट पाहात नाही. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी या चौकाचा आराखडा तयार केला आणि मधली दुमजली वर्तुळाकार इमारत १९१७ साली उभी राहिली. त्या वर्तुळाच्या मध्यावर जगदंबेचे मंदिर आहे आणि चारी दिशांना सोळा रस्ते फुटतात. त्या रस्त्यांवर सोन्याचांदीचे दागिने, पादत्राणे, मिरची, गूळ असे निरनिराळे बाजार वसले. राज्य निजामाचे, रचनाकार फैयाजुद्दीन, मध्यभागी अंबाबाई आणि सभोवार सर्व जातिधर्मांचे व्यापारी. एवढ्या एका गोष्टीवरही एखादे व्याख्यान होऊ शकेल. पण आज आपल्याला पाहायची आहे ती तिची आखणी.

खेड्यातून आलेला शेतकरी, पूर्वी कधी लातूर न पाहिलेला, गोलाईत येऊन उभा राहिला तर काय होते? त्याला एका जागी उभे राहून सर्व वाटा दिसतात. गूळ घ्यायचा तर गुळाच्या वाटेने जावे, दागिना मोडायचा तर सराफाच्या. चुकला तर परत मध्यावर यावे. देवीचे शिखर दिसतेच. कोणाला विचारण्याची फारशी गरज नाही आणि विचारले तर सांगणाऱ्याला सोपे. चांगल्या संकेतस्थळाची रचना याहून वेगळी नाही. त्याचे पहिले पान म्हणजे गोलाईचा मध्य. तेथून मालाकडे एक वाट, दराकडे दुसरी, पत्त्याकडे तिसरी, दुकानाच्या माहितीकडे चौथी. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी तिचे नाव स्वच्छ लिहिलेले असावे आणि प्रत्येक वाटेवरून एका पावलात मध्यावर परत येता यावे. लहान दुकानाला सोळा वाटा लागत नाहीत, चार-पाच पुरतात. परंतु दुकानदार बहुधा उलट करतो. पहिल्याच पानावर आजोबांची तसबीर, उद्घाटनाचा फोटो, हलणारी चित्रे आणि 'आमच्या संस्थळावर आपले सहर्ष स्वागत' एवढे मोठ्या अक्षरांत. डाळ कोठे मिळते ते मात्र शोधून काढावे लागते. हे म्हणजे गोलाईच्या सोळाही तोंडांवर कमानी उभारून रस्ते बंद करण्यासारखे झाले.

येथे एक कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. गोलाई १९१७ची; बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली १९११ साली. म्हणजे आधी रहदारीचे साधन आले आणि मग काही वर्षांत पेठेला ही आखीव रूपरेषा मिळाली. आपल्या काळातही तसेच घडले. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९८९ साली जागतिक जाळ्याची कल्पना मांडली. १९९१ साली पहिले संकेतस्थळ जगापुढे आले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य जनतेसाठी इंटरनेट सुरू केले. पुढे २०१६नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा कोठे ही गाडी आपल्या तालुक्यातालुक्यांतून धावू लागली. रूळ आले आहेत. पेठेची आखणी करणे हे आता आपले काम आहे. जाता जाता एवढे सांगतो की, ते पहिले संकेतस्थळ अगदी साधे होते. हा प्रकल्प काय आहे, त्यात कोण आहेत आणि त्याचा उपयोग कसा करावा, एवढेच त्यावर लिहिलेले होते. आरंभ करणाराने साधेपणाची लाज बाळगू नये, हे यावरून शिकावे.

रुळांचा विषय निघाला आहे, तर त्यातला अडसरही सांगितला पाहिजे. बार्शी लाइटचा रूळ अडीच फूट रुंदीचा. मोठ्या लोहमार्गाची रुंदी साडेपाच फूट. लातूरचा माल कुर्डुवाडीला पोहोचला की एका डब्यातून उतरवायचा आणि दुसऱ्यात चढवायचा. हमाली पडे, वेळ जाई, पोती फाटत. इकडे नांदेडवरून जाणारा गोदावरी खोऱ्याचा मार्ग मीटर गेजचा; म्हणजे शेजारच्या दोन गावांचे रूळसुद्धा एकमेकांशी जुळत नव्हते. लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला तो २००७-०८ साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी.

मराठी अक्षरांच्या बाबतीत संगणकावर नेमके हेच घडले. आरंभी प्रत्येक अक्षरसंचाचा रूळ निराळा होता. एका संचात टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की 'डाळ' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. म्हणून अनेकांनी मराठी मजकुराचे चित्रच काढून ते पानावर चिकटविले. ते डोळ्यांना दिसे, परंतु शोधयंत्राला वाचता येत नसे. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. ती सर्वत्र रुळायला मात्र पुढची बरीच वर्षे लागली. आता हा रूळ जुळला आहे. तरीसुद्धा छापखान्यातून तयार करून घेतलेले जुने पत्रक चित्ररूपाने जसेच्या तसे संकेतस्थळावर टाकणारे दुकानदार आजही आढळतात. रुंद मार्ग दाराशी असताना त्यांनी आपली पोती कुर्डुवाडीलाच उतरवून ठेवली आहेत. माल, दर आणि पत्ता ही युनिकोडमध्ये टंकलेली अक्षरेच असली पाहिजेत. म्हणजे पुण्यातल्या माणसाने 'बोरसुरीची तूरडाळ' असे शोधले की ती सापडेल.

आता दुसरा प्रश्न: येणारा कोण आहे? याचे उत्तर लातूरचे वेगळे आणि नांदेडचे वेगळे, हे उघड आहे. गुरु गोविंदसिंग यांनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला. २००८ साली त्यांच्या गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, तेव्हा देशोदेशींचे यात्रेकरू या गावात आले. सचखंड एक्सप्रेस नांदेड आणि अमृतसर यांना जोडते. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात एखाद्याचे लहानसे निवासगृह असेल, तर त्याचे गिऱ्हाईक गावातले नव्हे, ते पंजाबातल्या आपल्या घरी बसून विचार करीत आहे. त्याचे प्रश्न कोणते? स्टेशनापासून अंतर किती, गुरुद्वारा पायी किती मिनिटांवर, गाडी अपरात्री पोहोचली तर दार उघडेल काय, म्हाताऱ्या आईला तळमजल्यावरची खोली मिळेल काय, जेवण कसले. या पाच प्रश्नांची उत्तरे पहिल्याच पानावर हिंदीत आणि गुरुमुखीत असली, तर त्या निवासगृहाने अर्धे काम केले. तेथे मालकाच्या सत्काराचे फोटो लावून काही साधत नाही.

लातूरकडे या. समजा, निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तुरीची डाळ विकणारा एक लहान व्यापारी आहे. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर या लातूर जिल्ह्याच्या तीन जिनसांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दूरच्या शहरातला माणूस ही डाळ नावाने मागू लागला, तर त्याच्या मनात शंका येणारच की, ही खरोखर बोरसुरीचीच कशावरून? या व्यापाऱ्याच्या संकेतस्थळाचे पहिले काम ही शंका फेडण्याचे आहे. तूर कोणत्या शिवारातली, कोणत्या हंगामातली, डाळ कशी केली, पिशवी किती किलोची, दर काय, पोहोचायला किती दिवस लागतात, पसंत न पडली तर काय करणार, हे त्याने सरळ लिहावे. मानांकनाचे चिन्ह लावायचे असेल तर कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी आहे की नाही, तेही आधी पाहावे.

गिऱ्हाइकाची शंका ओळखून मजकूर लिहिणे ही कला आपल्याकडे नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आरंभी नांगर पडून राहिले. नांगर उत्तम आहे असे नुसते ओरडून ती समजूत जाणारी नव्हती. जमिनीविषयीच्या धास्तीलाच उत्तर द्यावे लागणार होते. पुढे १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकापर्यंत पोहोचावी म्हणून निघालेले हे पत्र वाढत वाढत महाराष्ट्राचे एक प्रमुख मासिक झाले. वाचणाऱ्याला वाचण्याजोगे काही दिले तर तो स्वतःहून पुन्हा येतो, हे त्या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. आपल्या डाळवाल्याने पानावर वरण-आमटीची एखादी घरची कृती दिली, किंवा तूर साठवावी कशी हे चार ओळींत सांगितले, तर तो याच परंपरेत बसतो.

आखणी करताना ज्याच्यासाठी आखायचे त्याला विचारावे, हा धडा आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. लहान गोष्टीला मोठ्या दुःखाचा दाखला देतो, याबद्दल क्षमा असावी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली आणि कित्येक गावे नव्या जागी वसवावी लागली. नवी गावे उभारणाऱ्यांचा हेतू चांगला होता, कष्टही मोठे होते. परंतु अनेक ठिकाणी कागदावर सरळ रेघा मारून चौकटीत रस्ते आणि घरे बसविण्यात आली. जुन्या गावातली शेजारपाजाराची वीण, गुरांची सोय, बायकांची उठण्याबसण्याची जागा त्या रेघांत सापडली नाही. पुढे लोकांनी आपापल्या परीने भिंती वाढविल्या, पडव्या काढल्या आणि घरे आपलीशी करून घेतली. कागदावर शोभणारी आखणी आणि राहणाराला सोसणारी आखणी यांत अंतर असते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून संकेतस्थळ करणाऱ्या कारागिराला बोलावण्यापूर्वी दुकानदाराने आठवडाभर गल्ल्यापाशी एक वही ठेवावी आणि गिऱ्हाईक जे जे विचारते ते ते टिपून घ्यावे. सर्वांत अधिक वेळा आलेले चार प्रश्न म्हणजे आपल्या चार वाटा. आणि पाने तयार झाली की एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती मोबाइल देऊन 'यातून माझा दर आणि पत्ता काढून दाखवा' असे म्हणावे. तो अडखळला तर दोष त्याचा नसतो.

तिसरा प्रश्न भाषेचा. निजामाच्या राज्यात १८८४पासून उर्दू ही सरकारी भाषा होती. मराठवाड्यातला सामान्य माणूस घरी मराठी बोले आणि कचेरीत गेला की त्याला दुसऱ्याच्या तोंडाने बोलावे लागे. अर्ज लिहिणारा वेगळा, वाचणारा वेगळा आणि ज्याचे काम तो मध्ये मुका उभा. उर्दू ही गोड भाषा आहे आणि आपल्या बोलीत ती विरघळलेलीही आहे. तक्रार भाषेविरुद्ध नाही. माणसाला आपल्या व्यवहाराचा कागद स्वतः वाचता येऊ नये, हे दुःख होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. २०२२ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून लहान दुकानांनाही मराठी पाटी आवश्यक केली आणि सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. परंतु ही सक्ती रस्त्यावरच्या पाटीपुरती आहे. त्याच दुकानाचे संकेतस्थळ उघडावे तर बहुधा पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रजी, आणि तेही उसनवारीचे. औसा तालुक्यातला शेतकरी बियाण्याच्या दुकानाचे पान उघडतो आणि पुन्हा तसाच मुका उभा राहतो. या वेळी त्याच्यावर कोणी सरकारने ही पाळी आणलेली नाही. त्याच्याच गावच्या, त्याच्याशी मराठीत बोलणाऱ्या दुकानदाराने आणली आहे. इंग्रजी पान अवश्य असावे. बाहेरगावच्यासाठी हिंदीही असावे. पण पहिले दार मराठी असावे आणि त्यातली मराठी गल्ल्यावर बोलतो तशी असावी.

आता चौथा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: जागा कोणाची? अमेरिकेत १९९४ साली जिओसिटीज नावाची एक वसाहत निघाली. कोणीही यावे आणि फुकट पान बांधावे. तिची रचना मोठी मौजेची होती; विषयवार मोहल्ले पाडलेले होते, जणू गोलाईच्याच गल्ल्या. लाखो लोकांनी तेथे आपली पाने उभारली. १९९९ साली याहू कंपनीने ती विकत घेतली आणि २००९ साली बंद केली. आखणी उत्तम होती, वस्तीही दाट होती. जमीन मात्र राहणाऱ्यांची नव्हती. हा फार लांबचा दाखला वाटत असेल तर जवळचा घ्या. गूगलने नकाशावर नोंद असलेल्या लहान व्यावसायिकांना २०१७पासून फुकट संकेतस्थळ बांधण्याची सोय दिली होती. मार्च २०२४मध्ये ती पाने बंद झाली. नकाशावरची नोंद राहिली, पान गेले. ज्यांनी फलकावर आणि पिशव्यांवर तोच पत्ता छापून घेतला होता, त्यांची पाटी निरुपयोगी झाली.

मोठ्या कंपन्यांच्या अंगणात मांडी घालून बसू नये, असे मी म्हणत नाही. आठवडी बाजारात पाल ठोकावेच लागते. तेथे गर्दी असते. नकाशावर नोंद करावी, व्हॉट्सअ‍ॅपवर दर पाठवावेत. परंतु पालाबरोबर एक पक्के दुकानही असावे आणि त्याची सनद आपल्या नावावर असावी. संकेतस्थळाच्या बाबतीत सनद म्हणजे त्याचे नाव. हे नाव वर्षाच्या बोलीने नोंदवावे लागते आणि वेळेवर नूतनीकरण केले नाही तर ते दुसरा कोणी घेऊ शकतो. देशाचे 'डॉट इन' हे नाव २००५पासून सर्वांना मोकळेपणाने मिळू लागले आणि २०१४पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळते. समजा, दुकानदाराने सारे काम भाच्याच्या मित्रावर सोपविले. त्याने नाव स्वतःच्या खात्यावर नोंदविले, परवलीचा शब्द स्वतःपाशी ठेवला आणि पुढे नोकरीनिमित्त तो परगावी गेला. त्याच्या मनात काही वाईट नसेल. पण दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात गेली ती गेलीच. जो माणूस गोदामाचे कुलूप स्वतः ओढून पाहिल्याशिवाय घरी जात नाही, त्याने या किल्लीबद्दल बेफिकीर राहावे हे नवल आहे. नाव दुकानाच्या मालकाच्या नावावर, पावती मालकाच्या फायलीत, परवलीचा शब्द मालकाच्या तिजोरीत. बाकीचे काम कोणीही करावे.

लहान दुकानदाराचे खरे भांडवल त्याचे नाव असते. डाळ सर्वत्र मिळते. अमक्याकडची डाळ म्हणून माणूस चार गल्ल्या ओलांडून येतो. हे नाव मिळवायला दोन-दोन पिढ्या जातात. आजच्या मोठ्या बाजारस्थळांवर गिऱ्हाइकाला वस्तू दिसते, दर दिसतो आणि दुकानाचे नाव कोठेतरी तळाशी बारीक अक्षरांत असते. असेच चालू राहिले तर आणखी एका पिढीने लातूरचा व्यापारी आणि नांदेडचा व्यापारी हे कोणा अज्ञात गोदामाचे नुसते पुरवठादार होतील. स्वतःचे संकेतस्थळ असल्याने हे संकट टळेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. आपले नाव आपल्या अक्षरांत, आपल्या जागेवर लिहून ठेवण्याची सोय मात्र त्यात आहे, आणि ती फार खर्चाची नाही.

शेवटी एक व्यावहारिक सूचना करून थांबतो. आपल्याकडे दिवाळीला वहीपूजन होते. जुनी वही बंद होते, नवीवर कुंकवाचे स्वस्तिक निघते. संकेतस्थळ बांधून झाले की दुकानदार ते विसरतो आणि दोन वर्षांपूर्वीचा दर, बंद पडलेला दूरध्वनी, जुनी वेळ तशीच राहते. शिळा दर लावलेले पान हे बंद दुकानाहून वाईट. बंद दुकान निदान खोटे बोलत नाही. म्हणून नवी वही घालण्याच्या त्याच दिवशी संकेतस्थळही उघडावे. दर तपासावेत, पत्ता तपासावा, नावाचे नूतनीकरण झाले आहे ना ते पाहावे आणि वर्षभरात गिऱ्हाइकांनी विचारलेले नवे प्रश्न त्यात घालावेत. तासाभराचे काम आहे. पूजेची तयारी घरात होईपर्यंत ते आटोपेल.

आज घरी जाताना गोलाईवरून जाणारांनी क्षणभर मध्याकडे पाठ करून उभे राहावे आणि किती वाटा दिसतात त्या मोजाव्यात. फैयाजुद्दीन यांनी त्या कागदावर आखल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कोणी तरी प्रथमच गावात येणारा, हातात पिशवी घेतलेला माणूस उभा असला पाहिजे. आपल्या संकेतस्थळावर येणारा माणूसही तोच आहे.